तात्यांचं भाकड कार्ड

आमच्या शेजारचे चौगले तात्या कुणाच्याही घरात आले की आधी चपला काढतात आणि खुर्चीत टेकायच्या आत घरभर एक नजर फिरवतात. ती नजर ज्या वस्तूवर थांबेल, तिचे त्या घरातले दिवस भरले म्हणून समजावं.

"बाई, ह्ये काय हाय?"

"व्यायामाची सायकल आहे, तात्या."

"कोण चालवतंय?"

सायकलीवर आमच्या ह्यांचे दोन बनियन आणि माझा टॉवेल वाळत होता. मी काय बोलणार?

"दुभती का भाकड?"

म्हैस दूध देते तोवर दुभती, आटली की भाकड. कोल्हापुरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण तात्यांनी सगळ्या जगाची वाटणी या दोन शब्दांत करून टाकली आहे. चालतो तो पंखा दुभता, माळ्यावरचा भाकड. नेसतात ती साडी दुभती, कपाटातला शालू भाकड. भाकड दिसलं की काढा, द्या, विका, पण दावणीला ठेवू नका. मागच्या मे महिन्यात माझे दीर आठ दिवसांसाठी आले आणि एकवीस दिवस राहिले. तेव्हा तात्यांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "पावणं दुभतं हायत का भाकड?" पावणे माझ्या मागच्याच पायरीवर उभे होते. दुसऱ्या दिवशी गेले बिचारे. तात्यांचे तेवढे उपकार मी मानते.

तीस वर्षं तात्या एका गावच्या दूध संस्थेचे सचिव होते. सकाळ-संध्याकाळ आलेल्या दुधाची फॅट काढायची आणि त्यावर दर लावायचा, हे काम. ती सवय सुटलेली नाही. नवा भाडेकरू कसा आहे विचारलं तर म्हणतील, "माणूस बरा हाय, पण फॅट लागत न्हाई." तालमीत कुणाचं भाषण झालं तर, "निम्मं पाणी हुतं." माझ्याविषयीचं मत मी त्यांच्या तोंडून मुद्दाम काढून घेतलं. "बाई, तुमची फॅट जास्त हाय. पचाय जरा जड जाताय." सत्तावीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवतेय मी. हलकी होऊन मला परवडेल होय?

मोबाईलचीही तीच तऱ्हा. रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसून तात्या मोबाईल झाडून काढतात. गुड मॉर्निंगचे गुलाब, देवांचे फोटो, गल्लीच्या ग्रुपवरचे विनोद, सगळं भाकड. "उडवा!" असं मोठ्यानं म्हणून एकेक उडवत बसतात.

असा माणूस एका सकाळी माझ्या दारात उभा राहिला आणि मोबाईल पुढं धरून म्हणाला, "बाई, ठेवू का काढू?" मला वाटलं, ह्यांना बरं नसावं.

बँकेचा मेसेज होता. तुमचं क्रेडिट कार्ड वर्षभर वापरलेलं नाही, तीस दिवसांत वापरा, नाहीतर बंद करू.

हे कार्ड तात्यांच्या गळ्यात पडलं ते निवृत्तीच्या वर्षी. बँकेत गेले असताना एका टायवाल्या पोरानं "काका, फुकट आहे, कायमचं फुकट" म्हणत दोन सह्या घेतल्या आणि दोन कार्डं पाठवून दिली, एक तात्यांच्या नावाचं आणि एक जोडकार्ड, वहिनींच्या नावाचं. तात्यांनी आपल्या कार्डावर एकदा मिक्सर आणला. दुसऱ्याच्या पैशानं मिक्सर आणला म्हणून रात्रभर झोप लागली नाही, आणि सकाळी पैसे भरायला बँकेचं शटर उघडायच्या आत पायरीवर जाऊन बसले. त्यानंतर कार्ड कपाटात.

"म्हणजे सहा वर्षं झाली की तात्या. मग बँकेला आत्ताच कशी जाग आली? मेसेजात तर एकच वर्ष म्हटलंय."

तात्या सायकलीवरच्या बनियनकडं बघत बसले. गणितात एक पायरी गाळली की मला लगेच दिसते, पण तेव्हा मी सोडून दिलं.

पुढचे तीन आठवडे त्यांनी गल्लीला वीट आणला. जो भेटेल त्याला, "ठेवू का काढू?" कोपऱ्यावरचे सलीमभाई टेलर म्हणाले, "असू दे की तात्या. आमची शेरवानीची कात्री वर्षातनं दोनदा लागती, म्हणून काय मोडीत घालतो?" आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "बंद केलं की तो स्कोअर का काय म्हणतात, तो खाली येतो म्हणे." त्यावर तात्या, "माझा स्कोअर आता कोण बघणार? पोरगी बघाय चाललोय व्हय मी?"

शेवटी मी वैतागले. "तात्या, जगाला लावता तो नियम स्वतःला लावा. दुभतं का भाकड?"

तात्या टोपी झटकत बसले. स्वतःच्याच शब्दात अडकलेले तात्या मी पहिल्यांदाच बघितले.

आता वहिनींविषयी सांगायला हवं. शालनवहिनी चौथं वर्ष पुण्यात आहेत, मुलाकडं. सुनेला जुळं झालं तेव्हा सहा महिन्यांसाठी म्हणून गेल्या आणि तिथंच अडकल्या. तात्याही गेले होते एकदा. पंधरा दिवस राहतो म्हणाले आणि चौथ्या दिवशी गल्लीत हजर. मी कारण विचारलं तर आधी दुधावर घसरले. "पिशवीतलं दूध, बाई! त्यात बोट बुडवलं तर कोरडं बाहेर येतंय." मग जरा वेळानं म्हणाले, "अकराव्या मजल्यावर गॅलरीत हुबं ऱ्हायाचं. पोरगं म्हणतंय, बाबा, तुम्ही फक्त आराम करा. म्हशीला आराम कर म्हणत्यात ते कवा? भाकड झाल्यावर." त्या दिवशी मी हसले होते.

नवराबायकोचा फोन रोज सकाळी होतो. आमची भिंत एकच, त्यामुळं तोंडपाठ आहे. "जेवलीस का रात्री?" "जेवले. तुम्ही?" "व्हय. बरी हाईस न्हवं?" "बरी हाय." "ठेवू का?" "ठेवा." झालं. कधी तिचं नाव नाही की काही नाही. तात्यांच्या तोंडात वहिनी म्हणजे 'आमच्या घरात', नाहीतर 'मंडळी', आणि समोर असल्या तर 'अगं ए'.

तरीही वहिनी मला फोनवर कौतुकानं सांगायच्या, "बाई, आमच्या ह्यास्नी हितं काय चाललंय ते तिथं बसून कळतंय बघा. मी तुळस लावली, कुणाला सांगितलं न्हाई. दुसऱ्या दिवशी ह्यांचा फोन, तुळशीला लई पाणी घालू नगं. गुडघा दुखतोय म्हणून मी चकार शब्द काढला न्हाई, तर ह्ये म्हणत्यात, जिनं चढू नगंस!" मला हेवाच वाटायचा, खोटं कशाला सांगू? आत्ताही माझ्या नव्या चष्म्याला तीन आठवडे झाले होते आणि आमच्या ह्यांनी अजून तो बघितला नव्हता.

तर कार्ड. मी म्हटलं, "ठेवायचंच असेल तर एवढा घोळ कशाला? स्कूटरमध्ये पेट्रोल भरा त्या कार्डावर, जगलं कार्ड." तात्या तडक पंपावर गेले, शंभराचं पेट्रोल भरून आले आणि तरी समाधान नाही. म्हणाले, "बँकेत फोन लावून द्या. दोन्ही जगली का एकच, ते इचारू."

फोन स्पीकरवर टाकून माझ्या टेबलावर ठेवला. बरीच बटणं दाबल्यावर एक मुलगी बोलायला लागली, आवाज अगदी गोड. जन्मतारीख झाली, पत्ता झाला. मग म्हणाली, "सर, जोडकार्ड कुणाच्या नावावर आहे?"

"आमच्या घरात."

"नाव सांगा ना, सर."

"मंडळी."

"सर, मंडळी हे नाव आहे का आडनाव?"

"अवो, आमच्या पोराची आई!"

"सर, पूर्ण नाव सांगितल्याशिवाय मला पुढची माहिती देता येणार नाही."

तात्यांनी मोबाईलवर हात झाकला. "बाई, तुम्ही सांगा की."

"मी कशी सांगू? खातं तुमचं. बायकोचं नाव घ्यायला लाज कसली वाटते, तात्या? कुठल्या जमान्यात आहात?"

"तुम्ही घेता?"

"काय?"

"दिवसभर 'आमचे हे, आमचे हे' चाललेलं असतंय. आईबापानं त्यास्नी काय नाव ठिवलंय का न्हाई?"

मी उठून गॅसवरचं दूध बघून आले. गॅसवर दूध नव्हतं.

परत येते तर तात्या खुर्चीतून उठून उभे राहिले होते. टोपी सारखी केली, घसा खाकरला आणि लग्नमंडपात बोलावं तसं मोबाईलकडं बघून ठणठणीत आवाजात म्हणाले,

"कृष्णेला भेटती पंचगंगा, वाडीला हुतंय मीलन,
म्हशीला लागतंय दावं, आन् मला लागती शालन!"

मला वाटलं फोन कट झाला. मग ती मुलगी अगदी हळू म्हणाली, "सर, परत एकदा म्हणाल?"

"का? चुकलं?"

"नाही सर, बरोबर आहे. असंच... छान होतं."

हाच उखाणा तात्यांनी लग्नात घेतला होता. पोरीची गाठ म्हशीशी घातली म्हणून सासरा जेवायला बसेना, हे मला पुढं वहिनींनी सांगितलं. बेचाळीस वर्षांत त्यांनी बायकोचं नाव घेतलं ते तेवढं एकदा, आणि आता हे दुसऱ्यांदा, एका अनोळखी पोरीपाशी.

पण त्या पोरीनं सांगितलं ते काही छान नव्हतं. तात्यांचं कार्ड राहील, पेट्रोलनं ते वाचलं. जोडकार्ड मात्र वर्षभर चाललेलं नाही, ते रविवारी बंद होणार. वाचवायचं तर ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच वापरायला हवं, कुठंही, कितीचंही.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "लावा वहिनींना फोन. म्हणावं, कोथिंबिरीची जुडी घे पण कार्डावर घे."

"न्हाई."

"अहो, का?"

तात्यांनी मोबाईल माझ्यापुढं सरकवला. "वाचा."

रोज झाडून काढलेला तो मोबाईल. त्यात एक गुलाब नाही, एक देव नाही. फक्त बँकेचे मेसेज, ओळीनं, दोन वर्षांचे. जोडकार्ड वापरलं की मेसेज यायचा तो तात्यांच्या नंबरवर. अमुक मेडिकल, तीनशे चाळीस. अमुक नर्सरी, ऐंशी. चपलांचं दुकान. पुस्तकांचं दुकान. पुन्हा मेडिकल.

तात्या माझ्या खांद्यावरून बोट ठेवत सांगायला लागले. "ही नर्सरी. तुळशीबिगर ती ऱ्हायाची न्हाई, मला ठावं हाय. ह्ये मेडिकल, गुडघ्याचं तेल. ह्या चपला, म्हंजे फिराय जाया लागली, बरं वाटलं. ह्ये पुस्तकाचं दुकान, त्या दिवशी नातवंडास्नी बालवाडीत घातलं."

"म्हणजे तुम्हाला कळायचं ते..."

"ह्येच्यातनं." बोट मागं घेतलं. "वर्ष झालं, पोरानं तिच्या मोबाईलवर ते स्कॅन करायचं घालून दिलंय. आता मेसेज जातोय त्येच्या खात्याचा, त्येला. मला काय बी येत न्हाई."

"पण तुम्ही रोज फोनवर बोलता, तात्या! विचारायचं की."

"इचारतो की. बरी हाईस न्हवं म्हणतो, बरी हाय म्हणती. तिला गुडघा दुखतोय असं ती कवा म्हणालीया? मला घोर नगं म्हणून खोटं बोलती. मेसेज खोटं बोलत न्हाई, बाई."

मी मोबाईल परत त्यांच्यापुढं सरकवला. "मग सांगा सरळ! कार्ड वापर, मला तुझं कळत राहतं म्हणावं!"

"मग तिला कळंल की मला आपसूक कळत न्हवतं." तात्या खाली बघत म्हणाले. "तिच्यापाशी माझी पत हाय ती तेवढीच. तुम्ही बी सांगायचं न्हाई. शपथ घ्या."

मी शपथ घेतली आणि संध्याकाळी वहिनींना फोन लावला. कुणी काय म्हणायचं ते म्हणा.

सुरुवात मी बेतानंच केली. "वहिनी, ते बँकेचं कार्ड आहे का हो अजून? एकदा वापरा कुठंतरी, रविवारी बंद होतंय."

"होऊ दे की बंद. हितं कुठं लागतंय ते?"

मग मात्र राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. वहिनी ऐकत होत्या. मागं जुळ्यांपैकी कुणीतरी रडत होतं, तेही थांबलं.

"म्हंजे तुळशीचं..."

"नर्सरीचा मेसेज."

"आन् गुडघ्याचं..."

"मेडिकल."

मग म्हणाल्या, "मला वाटायचं, ह्यास्नी मनातलं कळतंय."

"अहो वहिनी, ऐंशी रुपयांच्या मेसेजवरनं तुळस ओळखायची म्हणजे आणि काय पाहिजे? इथं आमच्या घरात चष्मा नाकावर असून..."

"बरं, ठेवू का?" म्हणाल्या आणि ठेवलासुद्धा.

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हाताऱ्या माणसाची असली-नसली पत मी घालवून बसले, असं वाटलं. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. मेसेज नाही. भिंतीपलीकडं सकाळचा फोन तेवढा होई, "बरी हाईस न्हवं?" "बरी हाय." शनिवारी तात्या कट्ट्यावर बसले होते, पण उडवत काहीच नव्हते. गुलाब आले तसे पडून होते.

रविवारी दहाच्या सुमाराला मी चहाचा कप घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसले. चहा नुसताच निवला. मोबाईल त्यांच्या तळहातावर होता, झाकला तर गुदमरेल असा उघडा धरलेला. तेवढ्यात तो वाजला.

"बाई, चष्मा घरात हाय. वाचा."

तात्यांचा चष्मा नाकावरच होता. मी वाचलं. "जोडकार्डावर नव्वद रुपये. अमुक दूध पार्लर." आणि पुढं वाचताना माझाच आवाज चढला. "बसस्थानक, कोल्हापूर!"

"पुण्यात आसंल कोल्हापूर नावाचं दुकान."

"तात्या, वहिनी स्टँडवर आल्यात!"

तात्या उठले ते एका पायात स्वतःची आणि एका पायात माझी चप्पल घालून. स्कूटर काढली. "बसा मागं." मी कशाला म्हटलं तर म्हणाले, "चुकामूक झाली तर फोन कोण लावणार? माझं हात हँडलवर." त्या घाईची स्कूटर आणि मी मागं. वाटेत येतील तेवढ्या देवांना हात जोडले.

रविवारचं स्टँड म्हणजे काय सांगावं! गडहिंग्लजची गाडी लागली होती, माणसं खिडकीतून रुमाल टाकत होती. तात्यांनीच आधी बघितलं. पार पलीकडच्या टोकाला वहिनी, हातात पिशवी, रिक्षांच्या रांगेकडं चाललेल्या. जरा लंगडत.

"अगं ए!" तात्यांनी हाक दिली. दूध संस्थेतली हाक ती. दहा-बारा बायका एकदम वळल्या. एक तर "काय ओ?" म्हणून ओरडलीसुद्धा. वळल्या नाहीत त्या फक्त वहिनी.

"अगं एऽऽ!"

आणखी बायका वळल्या. वहिनींनी पिशवी रिक्षात ठेवली.

तात्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग त्या सगळ्या गर्दीत, रिक्षावाले, कंडक्टर, गडहिंग्लजचे पावणे यांच्या देखत, उखाणा नाही की काही नाही, तात्या ओरडले,

"शालनऽऽ!"

वहिनी वळल्या. पिशवी रिक्षात, हात पिशवीवर, तशाच उभ्या. तात्या गर्दीतून वाट काढत पोचले, मागोमाग मी.

"यायचं सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं की," वहिनी म्हणाल्या. "मेसेज आला न्हाई?"

तात्यांच्या तोंडात नेहमीचंच आलं. "बरी हाईस न्हवं?"

"बरी..." म्हणाल्या आणि थांबल्या. "न्हाई. गुडघा लई दुखतोय ओ."

तात्यांनी मान हलवली. त्यांना ते ठाऊकच होतं, पण तिच्या तोंडून ऐकलं ते पहिल्यांदा. त्यांनी पिशवी रिक्षातून काढून आपल्या हातात घेतली. वहिनींच्या मुठीत कार्ड अजून तसंच होतं. त्यांनी ते पुढं केलं. "ह्ये घ्या तुमचं. पोरांस्नी सांगून आलीया, दोन म्हैने मी हितंच हाय. आता कशाला लागतंय?"

तात्यांनी कार्ड घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, त्यावरच्या नावावरून अंगठा फिरवला. मग वहिनींच्या कमरेचा बटवा स्वतः उघडून त्यात घातलं आणि बटव्याची दोरी ओढली.

"ठेव," म्हणाले. "लागतंय."

आणि मग दोघं स्कूटरवर बसून निघून गेली की! मी तिथं उभी आहे हे दोघांच्याही गावी नव्हतं. वर एका पायात चौगले तात्यांची चप्पल. वहिनींनी ठरवलेली रिक्षा आयती उभी होती, तीच घेतली.

घरी आले तर आमचे हे पेपर वाचत बसलेले. मी दारातच थांबले. शेवटी एकदाचं म्हटलं,

"सुरेश."

पेपर खाली आला. "काय झालं?" ते दचकून उभेच राहिले. "कोण गेलं?" आणि मग माझ्याकडं बघत राहिले, नीट, वरपासून खालपर्यंत. "हा चष्मा कधी केलास?"

"कुणी गेलं नाही," मी म्हटलं. "चहा ठेवू का?"